१९५८ची लोटस सेव्हन आणि घरची स्टेशन वॅगन: काही महिने दोन्ही चालवल्यावर

आधी आकडे. क्लब शर्यतींसाठी बनलेली सेव्हन, म्हणजे लोटस या ब्रिटिश कंपनीची छोटी उघडी स्पोर्ट्स कार, सुमारे ४५० किलोची, फोर्डचं ११७२ सीसीचं इंजिन, ताकद जेमतेम ४० हॉर्सपॉवर. डिझेल वॅगन १५०० किलोची, १५० हॉर्सपॉवर. टनामागे हिशेब केला तर सेव्हनला ९०च्या आसपास हॉर्सपॉवर, वॅगनला १००. रस्त्यावरही वॅगनच पुढे निघते. टर्बोमुळे कमी आरपीएमलाच जोर मिळतो. सेव्हनला गिअर तीनच, त्यातही पहिल्याला सिंक्रोमेश (गिअर सहज पडावा म्हणून वेग जुळवून घेणारी यंत्रणा) नाही.

तरी चालवायची खरी मजा सेव्हनमध्येच. ड्रायव्हर मागच्या अ‍ॅक्सलच्या अगदी पुढे, जमिनीलगत बसतो. मागची चाकं सरकू लागली की हातांच्या आधी कंबरेला कळतं, आणि हे साध्या वेगातही घडतं. वॅगनमध्ये तेच घडण्याआधी ईएसपी (घसरणारी गाडी आपोआप सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) एखाद्या चाकाला ब्रेक लावून मोकळं होतं. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लुकलुकतो, बाकी पत्ताच लागत नाही.

सगळ्यात जास्त शिकवलं ते ब्रेकनी. सेव्हनच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. लांबच्या उतारावर ड्रम तापतात, फुगतात, शूपासून (आतून ड्रमवर दाबल्या जाणाऱ्या ब्रेकच्या पट्ट्यांपासून) लांब जातात आणि पेडल हळूहळू खाली जायला लागतं. एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा) नसल्यामुळे चाक लॉक होण्याआधीचा क्षण पायानेच ओळखायचा. त्यामुळे वळण यायच्या बरंच आधी ब्रेकचं काम संपवायची सवय लागली, ती वॅगनमध्येही आली. वळणावळणाच्या रस्त्यावर मुलांना गाडी लागायची, ते आता खूप कमी झालंय. वॅगनचे ब्रेक इतके चांगले आहेत की ही शिस्त तिने कधी मागितलीच नव्हती.

पाऊस, सामान, लांबचा प्रवास यात तुलनाच नको, वॅगन ती वॅगन. फक्त एसी कमी-जास्त करायला स्क्रीनमध्ये शिरावं लागतं, ते मला अजिबात पटत नाही. नजर रस्त्यावरून हटते.

मुलांनी कितीही हट्ट केला तरी सेव्हनमध्ये त्यांना बसवत नाही. वोल्वोच्या नील्स बोहलिनने तीन बिंदूंचा सीटबेल्ट १९५९ मध्ये आणला. ही गाडी त्याच्याही आधीची, दारंसुद्धा नसलेली.

अशी गाडी घ्यायची असेल तर इंजिनाच्या आवाजावर भुलू नका. अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा चासीच्या (गाडीच्या सांगाड्याच्या) नळ्यांवर रिव्हेटने ठोकलेला असतो आणि गंज नेमका त्याच्या आत लपतो. टॉर्च घेऊन खाली झोपा, वेल्डच्या जोडांवर भेगा आहेत का ते बघा, मगच किमतीचं बोला.