फॉरमॅट न मारता उठवलेला पीसी: पावसाळ्यापासून आजपर्यंत

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात चालू न होणारा पीसी घेऊन गेलं की निदान बहुतेक वेळा काउंटरवरच होतं: "ताई, फॉरमॅट मारावं लागेल. पाचशे होतील, संध्याकाळी घेऊन जा." म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकायचं. ज्याच्या मशीनमध्ये ब्राउझर आणि चार फोटो आहेत, त्याने खुशाल मारून घ्यावं. माझं तसं नाही. मी घरी बसून मराठी डीटीपी, म्हणजे छपाईसाठी पानं जुळवायचं काम करते, लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, दिवाळी अंकाची पानं. त्यातलं निम्मं जुनं काम युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये, म्हणजे रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवणाऱ्या जुन्या फॉन्टमध्ये आहे. तो फॉन्ट गेला की 'श्री गणेशाय नमः'च्या जागी रोमन अक्षरांची खिचडी दिसते. आणि ज्यांनी ते सॉफ्टवेअर बसवून दिलं, त्यांनी धंदा कधीच गुंडाळलाय. म्हणून फाइली दुरुस्त करून आहे तेच विंडोज उठवायचा मार्ग धरला. तो किती टिकला, ते सांगते.

मशीन 2017चं असेंबल्ड, सातव्या पिढीचा आय-थ्री, 8 जीबी रॅम, 1 टीबीची फिरती हार्ड डिस्क, विंडोज 10. गेल्या जुलैत अपडेट चालू असताना वीज गेली, आली, परत गेली. त्यानंतर 'ऑटोमॅटिक रिपेअर', रीस्टार्ट, पुन्हा 'ऑटोमॅटिक रिपेअर'.

भाच्याच्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने विंडोज बसवायचा पेन ड्राइव्ह बनवून घेतला. टूल फुकट आहे, पेन ड्राइव्ह किमान 8 जीबीचा लागतो. त्यावरून बूट केलं आणि 'इन्स्टॉल नाउ'ला हात न लावता खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात असलेलं 'रिपेअर युवर कॉम्प्युटर' निवडलं. तिथून ट्रबलशूट, मग कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे कमांड टाइप करायची काळी खिडकी.

दुरुस्तीआधी काम बाहेर काढलं. काळ्या खिडकीत 'नोटपॅड' टाइप केलं की नोटपॅड उघडतं. त्यात फाइल, ओपन, खाली 'ऑल फाइल्स' केलं की सगळे ड्राइव्ह दिसतात आणि फोल्डरवर राइट क्लिक करून कॉपी-पेस्टही होतं. फक्त कॉपी किती झाली ते दाखवणारी पट्टी येत नाही, खिडकी गोठल्यासारखी वाटते. बंद करू नका, बाहेरच्या डिस्कचा दिवा लुकलुकतोय ना एवढं बघा. एरवी सी ड्राइव्हमध्ये असणारं विंडोजचं फॉन्ट्स फोल्डरही मी असंच उचललं. या वातावरणात ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात. माझं विंडोज 'डी'वर दिसत होतं, त्यामुळे पुढच्या प्रत्येक कमांडमध्ये 'डी' घालावं लागलं. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क-कुलूप, चालू असेल तर इथेच 48 आकडी रिकव्हरी की मागतील. बहुतेकांची मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर सापडते.

आधी चेकडिस्क, म्हणजे डिस्क तपासणारी कमांड. 'आर' लावून सोडली तर ती डिस्कचा कोपरा न् कोपरा वाचते, माझी रात्रभर चालली. मग विंडोजच्या फाइली तपासणारी एसएफसी, ऑफलाइन पद्धतीने, म्हणजे विंडोज कुठल्या ड्राइव्हवर आहे ते सांगून. एसएफसी खराब झालेली फाइल विंडोजच्याच विनएसएक्सएस फोल्डरमधल्या साठ्यातून बदलते. माझा साठाच नासलेला, म्हणून 'काही फाइली दुरुस्त करता आल्या नाहीत' असं उत्तर आलं. इथे डिझम ही दुसरी कमांड लागते, ती साठा दुरुस्त करते आणि त्यासाठी तिला चांगल्या फाइली पेन ड्राइव्हवरून देता येतात. नेटवरचे बरेच लेख तिथे 'इन्स्टॉल डॉट विम' लिहायला सांगतात, पण या टूलने बनवलेल्या पेन ड्राइव्हवर असते 'इन्स्टॉल डॉट ईएसडी'. हे कळेपर्यंत डिझम 'सोर्स सापडत नाही' एवढंच म्हणत होती. पेन ड्राइव्हवरची आवृत्तीही मशीनमधल्या आवृत्तीशी जुळायला हवी. त्यानंतर एसएफसी परत चालवली आणि विंडोज उठलं, फॉन्ट, पानं जुळवायचं कोरलड्रॉ, सगळं जिथल्या तिथे.

(रेगबॅक फोल्डरातून रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही, परत आणा, हा सल्ला अजून फिरतोय. विंडोज 10च्या 1803 आवृत्तीपासून ते फोल्डर आपोआप भरलं जात नाही. आत शून्य बाइटच्या फाइली असतात.)

आता पुढचं, जे दुरुस्तीच्या व्हिडिओत कोणी सांगत नाही. गणपतीच्या आसपास एसएफसीला परत खराब फाइली सापडल्या, तेही मध्ये एकदाही वीज गेलेली नसताना. डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो टाकून पाहिलं तर पिवळ्या रंगात 'कॉशन' आणि 'करंट पेंडिंग सेक्टर', म्हणजे नीट वाचता न येणाऱ्या जागा, यासमोर शून्याऐवजी आकडा. डिस्कच मरायला टेकली होती. विजेने निमित्त दिलं इतकंच. लॅमिंग्टन रोडवरूनच 500 जीबीची साटा एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क आणली, जुन्या डिस्कवरचं अनावश्यक काढून बाकी सगळं तिच्यावर जसंच्या तसं उतरवलं, म्हणजे क्लोन केलं. क्लोननंतर विंडोजचं रिकव्हरी वातावरण बंद झालेलं आढळलं, 'रीएजंटसी' कमांडने चालू करावं लागलं. हे तपासाच, नाहीतर पुढच्या वेळी पेन ड्राइव्हशिवाय तो दुरुस्तीचा मेनू येणारच नाही. बिघाडाआधीच्या स्थितीला परत जाऊ देणारं सिस्टम प्रोटेक्शनही बंद होतं, तेही चालू केलं. सोबत 600 व्हीएचा यूपीएस घेतला. वीज गेली की तो कान किटवतो, पण फाइल सेव्ह करून शांतपणे शटडाउन करण्याइतका वेळ नक्की देतो.

तेव्हापासून दर महिन्याला एसएफसी चालवते आणि एकही खराब फाइल निघालेली नाही. दिवाळी अंकाचं काम याच मशीनवर झालं. कोरल उघडेपर्यंत पूर्वी चहा टाकून व्हायचा, आता गॅस पेटवायलाही सवड मिळत नाही. पैशांचं म्हणाल तर एसएसडी आणि यूपीएस धरून नव्या पीसीच्या पाव किमतीतही भागलं. वेळ मात्र भरपूर गेला. ज्याला काळ्या खिडकीचा धसका आहे त्याने डेटा काढून घेऊन दुकानदाराला पाचशे द्यावेत, पण फॉरमॅटआधी डिस्कची तब्येत बघायला सांगावं. आजारी डिस्कवर नवं विंडोज टाकून काही उपयोग नाही.

अडचण एकच उरलीय. विंडोज 10चा मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025ला संपला आणि सातव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज 11च्या यादीत बसत नाही. घरगुती वापरासाठी नोंदणी केली तर 13 ऑक्टोबर 2026पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात, ती मी केली आहे. तोवर जुन्या फॉन्टमधलं काम युनिकोडमध्ये आणायला घेतलंय. रोज थोडं होतं, जोडाक्षरं तपासण्यात वेळ जातो. ते संपलं की नवं मशीन घेईन आणि हा पीसी नेट काढून फक्त जुन्या फाइलींसाठी ठेवेन.