उलटी पैठणी, सुलटं बिल

मी नाशिकरोडला 19 वर्षं फॉल-पिकोचं काम करते. लोक साडी सुलटी बघून घेतात, माझ्या हातात ती उलटी होते. म्हणूनच भाचीच्या लग्नाची पैठणी आणायचं ताईने माझ्यावर टाकलं. 'तुला कोण फसवणार,' म्हणाली.

फसवतात हो. मला नाही, पण माझ्या गिऱ्हाइकांना. गेल्या दिवाळीनंतर एक बाई 9,000 ची 'प्युअर सिल्क हँडलूम पैठणी' फॉलला घेऊन आल्या. पदर उलटा केला तर मागे कात्रीने छाटलेल्या धाग्यांचं नुसतं गवत, म्हणजे पावरलूमची, यंत्रमागावरची. गोंड्याचा एक धागा काढून काडी लावली. रेशीम असतं तर केस जळल्यासारखा वास येऊन राख चुरली असती. इथे वितळून टणक गाठ झाली. पिशवीत बिल होतं. माझा मुलगा अकाउंट्सचं काम शिकतोय, त्याने त्यावरचा एचएसएन कोड, म्हणजे माल कोणत्या प्रकारचा ते सांगणारा करासाठीचा आकडा, वाचला: 5407. म्हणे हा कृत्रिम धाग्याच्या कापडाचा कोड, रेशमी कापडाचा 5007. म्हणजे दुकानदार तोंडाने रेशीम म्हणाला आणि बिलात सरकारला खरं सांगून मोकळा झाला! बाईंना मी काही बोलले नाही. सासूबाईंना भेट द्यायची होती त्यांना, उद्याच. 150 रुपये घेतले आणि फॉल लावून दिला. अजून टोचतं ते.

तर भाचीच्या पैठणीसाठी येवला. निफाड, विंचूर करत एसटीने गेले. पहिल्या दोन दुकानांत 'सगळं हातमागच आहे ताई' एवढंच ऐकलं. पदर उलटा करायला लागले की पोरगा लगेच दुसरी साडी उलगडायचा. तिसरं दुकान गल्लीत आत, घराच्या पुढच्या खोलीत. नाव लिहीत नाही, कारण मालक स्वतःच म्हणाले, 'चार माग आहेत आमचे. लिहून गर्दी केली तर देऊ काय?'

इथे साडी मांडली तीच उलटी! मी बघतच राहिले. पदरावरचे बांगडी मोर, म्हणजे गोल बांगडीतले मोर, दोन्हीकडून जवळजवळ सारखे. प्रत्येक रंगाची वेगळी तिल्ली, म्हणजे धागा गुंडाळलेली छोटी कांडी, घेऊन जागच्या जागी धागा भरत नेतात, म्हणून मागे लोंबकळायला काही उरत नाही. एक गोष्ट मात्र मला त्यांच्याकडूनच कळली. ब्रोकेडचा, म्हणजे विणलेल्या नक्षीचा, काठ हातमागावरही जकार्ड (नक्षीप्रमाणे धागे उचलणारं साधन) लावून विणतात, त्याच्या पाठीवर धागे असतातच. म्हणजे काठाची पाठ बघून लगेच 'पावरलूम' म्हणून ओरडायचं नाही, पदर बघायचा. इतकी वर्षं मी काठावरूनही निकाल देत होते, तेव्हा एक-दोन साड्यांवर अन्याय झालाच असणार.

शेजारी दुसरी चळत होती, वर चिठ्ठी: 'सेमी, पॉलिस्टर, पावरलूम, 3,200'. त्यांचं म्हणणं, देण्याघेण्याला लोक मागतात, मग ठेवतो. माझा सेमीवर रागच नाही. मीही नेसते. तिला प्युअर म्हणून खपवू नये, एवढंच.

लेबलांचा गोंधळही तिथेच सुटला. सिल्क मार्कचं होलोग्रामवालं लेबल धागा रेशमाचा असल्याचं सांगतं, तो हातमागावर विणलाय की यंत्रावर, ते नाही. ते सांगतो हँडलूम मार्क. जरीबद्दल दोन्ही गप्प. मालकांनी न विचारता सांगितलं, 'जर टेस्टेड आहे. तांब्याच्या तारेवर चांदीचा मुलामा. खरी चांदीची हवी तर ऑर्डर द्यावी लागेल, भाव कुठल्या कुठे जाईल.' मी नको म्हटलं. साडी 16,500 ला घेतली, बारीक नारळी काठाची.

आणि बिल! साधं हाताने लिहिलेलं, पण ओळ वाचा: 'हातमाग पैठणी, ताणा-बाणा रेशीम, जर टेस्टेड, येवला.' खाली सही. एवढ्या वर्षांत गिऱ्हाइकांच्या पिशव्यांतून शेकडो बिलं पाहिली असतील, त्यांवर 'साडी 1 नग' याच्या पलीकडे क्वचित काही असतं. उद्या काही वेगळं निघालं तर ही ओळ घेऊन ग्राहक आयोगात जाता येतं, 'प्युअर आहे हो ताई' घेऊन कुठे जाणार?

तक्रारी आहेतच. दुकानात ट्यूबचा पांढरा उजेड, त्यात जांभळी म्हणून घेतलेली साडी घरी उन्हात वांगी रंगाची निघाली. भाचीला आवडली म्हणून निभावलं. बदलून देत नाहीत, हे आधीच सांगतात. ब्लाउजपीस बेताचा, कोपरापर्यंत बाही हवी असेल तर तिथेच मोजून घ्या. आणि या कापडाला मशीनचा फॉल लावू नका, काठ ओढला जाऊन चुण्या पडतात. मी हाताने लावला, दोन संध्याकाळी गेल्या.

दुकानाला पाचपैकी चार देते. एक का कापला, तर निघताना मागच्या खोलीत माग बघायला गेले. खड्डामागावर एक दादा बसले होते, पाय खाली खड्ड्यात, मान पदरावर. म्हणाले, 'अशी साडी उतरायला महिना जातो.' मी विचारलं, 'साडीमागे तुम्हाला किती सुटतात?' मीही नगावर काम करणारी, सहज तोंडातून गेलं. त्यांनी मालकांकडे पाहिलं. मालक हसून म्हणाले, 'ते आमचं आपसातलं, ताई.' धागा, जर, माग, सगळं बिलावर लिहून देणारा माणूस तेवढ्या एका आकड्याला अडला.

दादांनी पुन्हा तिल्ली उचलली. मोराची मान अर्धी भरायची राहिली होती.