दुकान माझं, खातं त्याचं

गोव्यात डिचोलीच्या बुधवारच्या बाजारात मी सहा वर्षं करवंटीच्या वस्तू विकते. वाट्या, डवल्या, पणत्या, केसांचे काटे. करवंटी खरवडायची, पॉलिश पेपरने घासायची, तेल चोळायचं. एका वाटीत अर्धा दिवस जातो. पावसात बाजाराला गिऱ्हाईक नसतं, म्हणून गेल्या जूनमध्ये ऑनलाइन दुकान काढायचं ठरवलं.

ओळखीतल्या एकीने वेबसाइट करून देणाऱ्या मुलाचा नंबर दिला. तो घरी आला, चहा घेतला, ताई ताई करत सगळं समजावून सांगितलं. अठरा हजार रुपये ठरले. त्यातले अडीच हजार छोटा धंदा सरकारदरबारी नोंदवायचे, ‘उद्यम नोंदणीची सरकारी फी’ म्हणून. ही फी मुळात नसतेच. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते. मला ते माहीत नव्हतं. आधारवर आलेला ओटीपी मी त्याला फोनवर वाचून दाखवला, पॅनचा फोटोही पाठवला.

दुकान दिसायला छान झालं. चवथीच्या आधी पणत्यांना मागणी आली आणि महिन्याभरात तेवीस ऑर्डरी झाल्या. मी रात्री जागून वस्तू केल्या, पदरचे पैसे घालून स्पीड पोस्टाने पाठवल्या. पैसे मात्र खात्यात येईनात. विचारलं की तो म्हणे, “ताई, सेटलमेंटला वेळ लागतो, नवीन दुकान आहे ना.” मी विश्वास ठेवला, कारण गिऱ्हाइकाचे पैसे ऑनलाइन घेणारा गेटवे म्हणजे काय हेच मला कळत नव्हतं. खरं तर गिऱ्हाइकाने भरलेले पैसे काही कामाच्या दिवसांत जोडलेल्या बँक खात्यात जमा होतात. ते खातं कोणाचं, हे मी एकदाही विचारलं नाही.

पुण्याच्या एका बाईंची पणती वाटेत फुटली. पैसे परत हवेत म्हणून त्यांनी भरल्याच्या पावतीचा फोटो पाठवला. पैसे घेणाऱ्याचं नाव माझं नव्हतं.

त्या रात्री भाच्याने तपासलं. दुकानाचा पत्ता, म्हणजे डोमेन, त्या वेबसाइटवाल्या मुलाच्या नावावर. लॉगिन त्याच्याकडे. माझ्याकडे होते फक्त फोटो. त्याने फोन उचलणं बंद केलं. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवलं, सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार घातली, रायबंदरच्या सायबर पोलीस ठाण्यातही जाऊन आले. पैसे वळवल्याला महिना होऊन गेला होता. १९३० वर लगेच कळवलं तर पुढच्या खात्यातली रक्कम थांबवता येते. उशीर झाला की ती तोवर निघून गेलेली असते. माझे पैसे अजून आलेले नाहीत.

तुम्ही असं दुकान काढत असाल तर डोमेन स्वतःच्या ईमेलवरून, स्वतःच्या नावाने घ्या. त्याला वर्षाला फार पैसे लागत नाहीत. गेटवेला बँक खातं स्वतः बसून जोडा. पहिली ऑर्डर घरच्याच कोणाकडून दहा रुपयांची करवा आणि ते दहा रुपये आपल्या पासबुकात उमटेपर्यंत एकही वस्तू पाठवू नका. ओटीपी वाचून दाखवू नका, समोरचा कितीही घरचा वाटला तरी.

तो पत्ता अजून चालू आहे. माझ्या वस्तूंचे फोटो तिथे तसेच आहेत आणि पैसे भरायचं बटणही. जुन्या तेवीसही गिऱ्हाइकांना मी एकेक फोन करून सांगितलं, तिथे आता काही घेऊ नका.