जुनी .३१५ रायफल : घ्यायची की दुकानातच ठेवून यायची?

हा अभिप्राय सेकंडहँड .३१५ बोर (बोर म्हणजे नळीच्या आतलं माप, इथे इंचात) स्पोर्टिंग रायफलचा आहे, नव्या खोक्यातल्या मालाचा नाही. ठाणे-नवी मुंबईत ही रायफल समोर येते ती शहापूर-मुरबाडकडच्या जुन्या शिकारी घरातून वारसाने, नाहीतर परवानाधारक विक्रेत्याच्या कपाटातून. निकाल आधीच सांगतो. कारखान्यातून .३१५ म्हणूनच बाहेर पडलेली असेल तर पैसे वसूल. लष्करी .३०३ ची नळी बदलून किंवा चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची, काडतूस बसायची पोकळी) कोरून तिची .३१५ केलेली असेल, तर पॉलिश कितीही चकचकीत असो, नाद सोडा.

घोळ होतो कारण दोघींचा सांगाडा एकच, ली-एनफिल्ड या ब्रिटिश लष्करी रायफलीचा. लष्कराचं .३०३ काडतूस खासगी माणसाच्या हाती नको, हा इंग्रज सरकारचा हिशोब होता. म्हणून ऑस्ट्रियाच्या ८×५० आर मॅनलिकर काडतुसावरून .३१५ आलं. त्यासाठीच्या रायफली बर्मिंगहॅमच्या बीएसएने केल्या, पुढे ईशापूरच्या रायफल फॅक्टरीने. तो हिशोब अजून कायद्यात आहे. .३०३ आणि ७.६२ ची लष्करी काडतुसं झाडू शकणारी बोल्टची (मुठीने मागेपुढे सरकणाऱ्या दांड्याची) रायफल, आणि .४१० मस्केटसुद्धा, प्रतिबंधित बोरमध्ये मोडते. त्यामुळे 'आधी ही कोण होती' हा इथे नुसता हौशी प्रश्न राहत नाही.

बघायला सुरुवात नळीपासून करू नका. ती बदलता येते आणि तिच्यावर हवा तो आकडा ठोकता येतो. रायफल रिकामी आहे याची खात्री करा, बोल्ट काढून घ्या आणि बॉडीच्या, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या धातूच्या सांगाड्याच्या, उजव्या बाजूला बघा. बोल्टच्या मुठीखाली, बट (मागचा लाकडी दस्ता) जिथे धातूच्या खोबणीत शिरतो, तिथलं कडं हा या रायफलीचा जन्मदाखला. मुकुट, त्याखाली 'जीआर', मग 'एनफिल्ड' किंवा 'बीएसए कंपनी', वर्ष आणि 'एसएचटी एलई ३ स्टार' असं दिसलं तर ती सैन्यासाठी बनलेली आहे. 'जीआरआय' आणि 'ईशापूर' असेल तर इथलीच, पण स्वातंत्र्याच्या आधीच्या अमलातली. नंतरच्या ईशापूर मालावर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आणि 'आरएफआय' येतं. कड्यावर '७.६२ एमएम २ए' किंवा '२ए१' वाचलंत तर ती १९६० च्या दशकातली नाटो काडतुसाची रायफल. चौकोनी, १२ गोळ्यांचं मॅगझीन ही तिची दुसरी खूण. असल्या बॉडीवर .३१५ ची नळी दिसली तर पुढचं बोलणंच नको.

कडं कोरं असेल तर? बाजारात खरी गंमत इथेच चालते. टॉर्च समोरून मारू नका, पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून आडवा धरा. अक्षरं घासलेली असतील तर तिथे उथळ खळगा दिसतो आणि उरलेल्या अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीवरच्या नावासारख्या विरघळलेल्या वाटतात. बोटाने थोडी टाल्कम पावडर चोळून पुसा; खाचेत राहिलेली पांढरी रेघ दहापट भिंगाखाली बऱ्याचदा वाचता येते. आणि बॉडीचा नंबरच घासलेला असेल तर रायफल जागेवर ठेवा. शस्त्र कायद्याच्या कलम ८ नुसार अशा हत्याराची विक्री चालत नाही, शिवाय ज्याच्या ताब्यात ते सापडेल त्यानेच नंबर पुसला असं गृहीत धरलं जातं. पुसला दुसऱ्याने, निस्तरायचं तुम्ही.

याच नजरेने आणखी दोन खुणा शोधा. टोकाला टोक भिडलेले दोन बाण म्हणजे ब्रिटिश सैन्याने विकून टाकलेला माल. 'डीपी' म्हणजे कवायतीची रायफल. ती गोळी झाडण्याच्या लायकीची धरायचीच नाही, मग नळी नवी का असेना.

लाकूडही बोलतं. एनफिल्डच्या लष्करी बटात उजव्या बाजूला पितळी चकती असते. ती काढून बसवलेलं जुन्या रुपयाएवढं गोल लाकडी ठिगळ पॉलिशखालीही रेषांच्या दिशेवरून कळतं. पुढच्या लाकडातून आरपार गेलेला आडवा स्क्रू हे ईशापूरचं काम, लाकूड फुटू नये म्हणून घातलेलं. मॅगझीनच्या जागी लाकडी ठोकळा आणि आतून गुळगुळीत नळी असेल तर ती पोलिसांसाठी केलेली .४१० मस्केट. तिला 'साधी छर्‍याची बंदूक' म्हणून खपवणारे भेटतील.

आता नळी. मूळ .३०३ मध्ये गोळीला फिरकी देणाऱ्या ५ खाचा असतात, डावीकडे वळणाऱ्या. मऊ शिशाची गोळी नळीतून ढकलून मोजली की .३०३ साधारण ७.९ मि.मी. भरते, .३१५ सुमारे ८.२. फरक केवळ ०.३ चा, त्यामुळे मायक्रोमीटरच हवा. खाचा ५ असल्या की समोरासमोर खाच येत नाही आणि सरळ मोजलेलं माप कमी भरतं. अर्धे वाद या एका चुकीतून होतात.

चेंबर कोरलंय का, याचा सगळ्यात स्वस्त साक्षीदार म्हणजे झाडलेलं रिकामं काडतूस. खडकीचं असेल तर त्याच्या बुडावर 'केएफ' असतं. .३०३ ची केस (काडतुसाचं पितळी नळकांडं) ५६ मि.मी. लांब आणि सडपातळ, .३१५ ची ५० मि.मी. आणि जाड. म्हणजे .३०३ चा खांदा (केस मानेकडे निमुळती होते ती जागा) बराच पुढे. जुनी नळी मागून न कापता तशीच .३१५ साठी कोरली, तर जुन्या खांद्याची पोकळी नव्या काडतुसाच्या मानेभोवती शिल्लक राहते. झाडलेल्या केसची मान तिथे फुगते, खांद्याला दुसरी पायरी पडते, कधी मान उभी चिरते. चांगल्या .३१५ मधून केस एकाच स्वच्छ खांद्याने बाहेर येते. विक्रेत्याकडे अशी केस मागा.

तरी शंका उरली तर परवानाधारक कारागिराकडून चेंबरचा साचा घ्यावा. त्यासाठीचा सेरोसेफ मिश्रधातू ७० ते ८८ अंश सेल्सिअसला वितळतो. थंड होताना आधी आकसतो, अर्ध्या तासाच्या आत तो सहज निघतो. मग पुन्हा फुगतो आणि साधारण एका तासाने चेंबरच्या मापाचा होतो. मोजायचं तेव्हाच. दुसऱ्या दिवशी मोजलेला साचा जास्तच सांगतो.

मौजर या जर्मन बोल्ट रायफलवाल्यांसाठी थोडक्यात: बॉडीच्या डाव्या भिंतीत अंगठ्यासाठी कोरलेली अर्धगोल खाच म्हणजे सहसा लष्करी सांगाडा. नळी बॉडीत शिरते तिथल्या पुढच्या कड्यावर 'बीवायएफ' असेल तर ओबर्नडॉर्फच्या, 'बीएनझेड' असेल तर श्टायरच्या कारखान्याची.

अस्सल .३१५ वापरायला कशी? २४४ ग्रेनची जड गोळी, ५ गोळ्यांचं मॅगझीन, बोल्ट झपाट्याने चालतो. मात्र स्प्रिंग बोल्ट पुढे ढकलतानाच ताणली जाते, मौजरची सवय असलेल्याला ते जड वाटतं. लांबच्या निशाण्याला गोळी लवकर खाली येते. सगळ्यात मोठी तक्रार गंजाची. जुन्या प्रायमरचे क्षार आणि खाडीची हवा एकत्र आली की चेंबरच्या पुढच्या दोन बोटांत खड्डे पडतात. निवडणुकीच्या आचारसंहितेत पोलीस ठाण्यात जमा केलेली रायफल परत आल्यावर आधी तिथेच बघा, आणि चामडी पिशवीत घालून जमा करू नका.