हॉकनची बदली नळी: जुनी ग्रीन माउंटन ठेवली, नवी कोरी परत पाठवली

थॉम्पसन सेंटर (टी/सी) कंपनीची .५० इंची हॉकन, म्हणजे तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची बंदूक, हाती आली तेव्हा लाकूड सुरेख, घोडा-चाप ठणठणीत, आणि नळी आतून खड्डे पडलेली. आधीचा मालक पायरोडेक्स (काळ्या दारूऐवजी वापरायची दारू) उडवून नळी न धुताच ठेवून देत असणार. त्यात पोटॅशियम परक्लोरेट असतं, आणि त्याची राख दमट हवेत पोलाद खाते. ही ठासणीची बंदूक कंपनीने बनवणं कधीच बंद केलंय, म्हणून बदली नळी शोधायला लागलो. दोन नळ्या हाताळल्या. दोन्हींबद्दल लिहितो, पण जास्त पहिलीबद्दल.

पहिली इंडियानातल्या फ्रेंडशिप गावी मिळाली. नॅशनल मझल लोडिंग रायफल असोसिएशनच्या मेळाव्यात दुकानांची जी रांग लागते, तिथे. विकणारा म्हणाला, "ग्रीन माउंटनची आहे, .५०." अष्टकोनी नळीच्या वरच्या पैलूवर काहीच कोरलेलं नव्हतं. म्हटलं, मोजून बघू.

सगळ्यात आधी गज, म्हणजे गोळी ठासायची लांब काठी, आत सोडला, तोंडाशी खूण केली आणि तेवढी लांबी बाहेरून नळीशेजारी धरून ताडली. जुनी नळी भरलेली असू शकते, आणि हे न बघता तिच्यात डोकावणाऱ्या माणसाजवळ मी उभा राहत नाही. मग पीळ, म्हणजे गोळीला फिरवणारे नळीतले चर किती इंचांत एक पूर्ण फेरा घेतात ते. गजाची मूठ स्वतःभोवती मोकळी फिरणारी हवी, टोकाला घट्ट चिंधी, गजावर खडूची रेघ. ओढत जायचं आणि पाव फेरा पुरा व्हायला गज किती सरकला ते मोजायचं. टी/सीच्या मूळ नळीचा पीळ ४८ इंचाला एक फेरा, म्हणजे पाव फेऱ्याला १२ इंच. इथे साडेसतरा भरले. चारने गुणा: ७०. नळीची लांबी ३२ इंच, मूळची २८. पैलूपासून समोरच्या पैलूपर्यंत १५/१६ इंच, म्हणजे हॉकनच्या लाकडात बसणारी. टी/सीच्याच रेनेगेड बंदुकीला एक इंची लागते, ती इथे शिरणारच नाही. गोल गोळीसाठी ७०चा पीळ आणि ३२ इंच लांबी ही न्यू हॅम्पशायरच्या ग्रीन माउंटनच्या बदली नळीचीच मापं, त्यामुळे विकणाऱ्याचं म्हणणं पटलं. खालच्या बाजूचा कंपनीचा शिक्का नंतर पाहिला.

शिक्क्यांचं एक सांगतो. इटालियन नळीवर काळ्या दारूच्या चाचणीचा 'पीएन' आणि चौकटीत दोन अक्षरांचं वर्ष सापडतं (१९७५ला 'एए'). अमेरिकेत सरकारी चाचणीघर नाही, त्यामुळे इथल्या नळीवर असं काही शोधत बसू नका. आणि शिक्का असला तरी आधीच्या मालकाने पुढे काय केलं हे तो सांगत नाही.

ते चिंधी सांगते. किंचित तेल लावलेली घट्ट चिंधी तळापासून तोंडापर्यंत ओढली की हाताला सगळं कळतं. मध्ये सैल पडली तर तिथे गंज किंवा फुगवटा; अडकली तर बहुतेक वेळा वर साइट बसवायची खाच मारलेली असते किंवा खालच्या पट्टीचा स्क्रू खोल गेलेला असतो. या नळीत सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच ओढ होती. तोंडाशी मोजले तर चर ०.०१० इंच खोल. गोल गोळी आणि तिच्याभोवती गुंडाळायच्या कापडी पॅचला हेच हवं: कापड चरात भरतं, काजळीलाही जागा मिळते. टी/सीचे चर याहून बरेच उथळ असतात, कारण ती नळी गोल गोळी आणि शिशाची लांबट गोळी दोन्ही सांभाळायला केलेली. तळाशी बारीक दिवा सोडला की एक कडं दिसतं. दचकू नका, या धाटणीच्या ब्रीच प्लगमध्ये (नळीचं मागचं टोक बंद करणाऱ्या बुचात) दारूची पोकळी मुळातच अरुंद असते.

दुसरी नळी ऑनलाइन मागवली, नवी, 'हॉकनला बसते' म्हणून. विक्रेत्याचं नाव घेत नाही. चकाकी इतकी, की लग्नातल्या नवऱ्या मुलाने लाजावं. निपलच्या (ठिणगीची टोपी बसवायच्या तुकड्याच्या) छिद्रावर १/४-२८, म्हणजे पाव इंची, इंचाला २८ आटे, असं लिहिलेलं, पण निपल दोन आट्यांनंतर जड झालं. आटे मेट्रिक, ६x१ मिलिमीटर. जोर लावला असता तर दोन्हीची वाट. मागच्या साइटची खाच तर कुणी रागाने मारल्यासारखी खोल. .५०च्या १५/१६ इंची नळीत चरापासून पैलूपर्यंत पोलाद उरतं जेमतेम ०.२१ इंच. त्यातून ०.१२५ इंच खाच गेली तर राहिलं काय? कुठलं पोलाद विचारलं तर उत्तर आलं, "उत्तम प्रतीचं." ११३७, ४१४० की १२एल१४, एवढंच विचारलं होतं. १२एल१४मध्ये शिसं घातलेलं असतं म्हणून ते लोण्यासारखं कापलं जातं, आणि नळीला ते चालतं का यावर लोक वर्षानुवर्षं भांडतायत. मी त्या भांडणात पडत नाही, पण जो नाव सांगत नाही त्याची नळी घेत नाही. पैसे परत मिळाले, टपालखर्च गेला.

ग्रीन माउंटन मात्र मैदानात खरी उतरली. .४९० गोळी, ०.०१८ इंची पट्टेरी कापडाचा पॅच, ७० ग्रेन एफएफजी काळी दारू. सुरुवातीला पॅच गोलाकार कापले जात होते, म्हणजे तोंडाच्या कडा अजून तीक्ष्ण. अंगठ्याखाली बारीक एमरी कापड धरून तोंड हळूहळू गोल केलं, मग पॅच अख्खे सापडू लागले. ५० यार्डांवर, टेकू घेऊन, भोकं एकमेकांना शिवतात.

तक्रारी दोन. बंदूक तोंडाकडे जड झालीय, उभ्याने नेम धरताना डावा हात लवकर थकतो. आणि जुना गज चार इंच आखूड पडतो, तो वेगळा घ्यावा लागला. लांबट गोळ्या उडवणाऱ्यांनी ही घेऊ नये. त्यांना २८ला एक फेरा अशी पिळाची नळी लागते.