घातांक आणि असमानतांचा डेटा सफिशिअन्सी सरावसंच: महिनाभराच्या वापरानंतर

व्यवस्थापन अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठीच्या जीमॅट परीक्षेच्या २०२३ साली आलेल्या नव्या रचनेत डेटा सफिशिअन्सीचे, म्हणजे दिलेली दोन विधाने उत्तर ठरवायला पुरेशी आहेत का हे विचारणारे, प्रश्न गणिताच्या विभागातून डेटा इनसाइट्स या विभागात गेले. तेथे २० प्रश्नांना ४५ मिनिटे, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी सव्वादोन मिनिटे मिळतात. तेवढ्या वेळात घातांक आणि असमानतांवरचे प्रश्न माझ्याकडून हमखास चुकत असल्यामुळे, केवळ याच दोन विषयांवरचा एक ऑनलाइन सरावसंच मी घेतला आणि महिनाभर रोज सोडवला.

उत्तर चुकल्यावर हा संच लगेच रीत सांगत नाही, आधी चूक दाखवतो. मला हेच सर्वांत मोलाचे वाटले. क्ष³ > क्ष² आहे का, असा एक प्रश्न होता. पहिले विधान क्ष > ० आणि दुसरे क्ष² > क्ष. मी दुसऱ्या विधानाला दोन्ही बाजूंनी क्ष ने भागले, क्ष > १ मिळवले आणि ते विधान एकटेच पुरेसे ठरवले. त्यावर संचाने एवढेच विचारले, की क्ष = −२ घेतल्यास काय होते? ४ हे −२ पेक्षा मोठे असल्याने विधान खरे ठरते, पण −८ काही ४ पेक्षा मोठे नाही. ज्याचे चिन्ह ठाऊक नाही अशा संख्येने असमानतेला भागू नये, हे मला शाळेपासून पाठ होते, तरी हात तेच करून बसला होता. पहिल्या विधानाने क्ष धन ठरल्यावरच तो भागाकार चालतो, म्हणून दोन्ही विधाने मिळूनच पुरेशी होतात.

एक चूक मात्र गंभीर आहे. म ची किंमत विचारून, ३ चा म-वा घात ९ पेक्षा मोठा आणि ३० पेक्षा लहान अशी दोन विधाने दिली आहेत आणि दोन्ही मिळून पुरेशी, असे उत्तर छापले आहे. म पूर्णांक आहे असे प्रश्नात कोठेही म्हटलेले नाही. तेव्हा म ३ असू शकतो तसा २.५ सुद्धा, आणि दोन्ही विधाने मिळूनही अपुरीच पडतात. न सांगितलेले गृहीत धरण्याची जी सवय मोडण्यासाठी हा संच घ्यायचा, तीच येथे शिकवली जाते, याचे मला फार वाईट वाटले. पाया ० आणि १ यांच्या दरम्यान असलेली उदाहरणेही फार थोडी आहेत.

तरीही मी हा संच घ्यावा असेच म्हणेन. घातांकाचे नियम ज्यांचे कच्चे आहेत त्यांनी ते आधी पक्के करावेत. हा संच ते शिकवत नाही.