स्वेल्टकिटवर वाचनालयाची देवघेव

नवी फ्रेमवर्क (वेब ॲप बांधण्यासाठीचा तयार सांगाडा) पारखायची असेल, तर दिखाऊ नमुन्यापेक्षा रोजच्या कामातला एखादा लहान पण पूर्ण व्यवहार तिच्यावर उभा करून पाहावा, असे माझे मत आहे. म्हणून स्वेल्टकिट या फ्रेमवर्कसाठी मी सार्वजनिक वाचनालयाची देवघेव निवडली: सभासद क्रमांक, पुस्तकाचा दाखल क्रमांक, पुस्तक दिल्याची आणि परत आल्याची तारीख.

वृत्तपत्रांसाठी संवादी ग्राफिक्स करणाऱ्या रिच हॅरिस यांनी २०१६ मध्ये स्वेल्ट हे वेब पानांचा दर्शनी भाग बनवण्याचे साधन प्रसिद्ध केले आणि त्यावर बेतलेल्या स्वेल्टकिटची १.० आवृत्ती डिसेंबर २०२२ मध्ये आली. रिऍक्ट हे त्याच कामाचे दुसरे साधन आभासी डॉमची, म्हणजे पानाच्या रचनेच्या स्मृतीतील प्रतीची, तुलना ब्राउझरमध्ये करते. स्वेल्टचा कंपायलर (कोडचे रूपांतर करणारा प्रोग्राम) मात्र त्यातले बरेच काम बिल्डच्या वेळीच, म्हणजे ॲप प्रकाशनासाठी तयार करतानाच, उरकतो, त्यामुळे लहान ॲपमध्ये ब्राउझरकडे जाणारी जावास्क्रिप्ट कमी राहते.

मला सर्वाधिक भावले ते फॉर्म हाताळण्याचे तंत्र. पुस्तक दिल्याची नोंद हा साधा एचटीएमएल फॉर्म असतो, त्याची ‘ॲक्शन’ (फॉर्म पाठवल्यावर चालणारा कोड) त्याच पानाच्या सर्व्हर फाइलमध्ये लिहायची असते, आणि दाखल क्रमांक चुकला तर ‘फेल’ फंक्शनमधून चूक दाखवणारा संदेश व भरलेली माहिती दोन्ही पानाकडे परत पाठवता येतात, म्हणजे ग्रंथपालांना सगळे पुन्हा टंकावे लागत नाही. जावास्क्रिप्ट अद्याप उतरलेली नसली, तरीही हा फॉर्म चालतो. टॅगवर ‘यूज:एन्हान्स’ एवढे लिहिले की तोच फॉर्म पान पुन्हा लोड न करता काम करतो. रेंगाळणाऱ्या इंटरनेटवर काम करणाऱ्या माणसाचा असा विचार फ्रेमवर्कने मुळातच केलेला असावा, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

सर्व्हर आणि ब्राउझर यांतली सीमाही नीट आखलेली आहे. डेटाबेसचा पासवर्ड खासगी एन्व्ह मॉड्यूलमध्ये (फक्त सर्व्हरसाठीच्या गुप्त सेटिंग्जच्या मॉड्यूलमध्ये) ठेवला आणि ते मॉड्यूल ब्राउझरच्या कोडमध्ये आणले, तर बिल्डच थांबते. मात्र सर्व्हरवर मॉड्यूलच्या पातळीवर ठेवलेले चल (व्हेरिएबल) सर्व वापरकर्त्यांत सामायिक असते. त्यात सभासदाची माहिती साठवली तर ती दुसऱ्यालाच दिसू शकते. अधिकृत दस्तऐवजात याचा स्पष्ट इशारा आहे आणि नवशिक्याने तो भाग आधी वाचावा.

शिकताना खरी अडचण येते ती आवृत्त्यांची. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या स्वेल्ट ५ ने ‘रून्स’ (बदलती माहिती हाताळण्याची नवी चिन्हे) आणले, परंतु त्याआधीचे असंख्य धडे घटकाला माहिती देण्याची ‘एक्स्पोर्ट लेट’ ही जुनी पद्धत वापरतात. जुनी पद्धत अजून चालते, पण एकाच घटकात (पानाचा भाग असलेल्या एका स्वेल्ट फाइलमध्ये) ती रून्सबरोबर मिसळता येत नाही, म्हणून धडा निवडताना आवृत्ती पाहावीच. शिवाय प्रत्येक मार्गाच्या (ॲपमधल्या पत्त्याच्या) फोल्डरमध्ये एकाच ठरावीक नावाची पेज फाइल असते, त्यामुळे एडिटरच्या टॅबमध्ये गोंधळ उडतो. तयार घटकांचा साठाही रिऍक्टच्या तुलनेत तोकडा आहे; भरगच्च तक्ते आणि आलेख लागणाऱ्या प्रकल्पासाठी मी तूर्त रिऍक्टच सुचवीन.

होस्टिंगसाठी ‘ॲडॅप्टर’ (ॲपला त्या त्या सर्व्हरला जुळवून देणारा भाग) बदलला की तोच कोड स्वतःच्या नोड (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या) सर्व्हरवर किंवा क्लाउड सेवेवर चालवता येतो. मराठी ॲप करणाऱ्यांनी आणखी एक करावे: तयार साच्यातील मूळ एचटीएमएल फाइलमध्ये भाषा इंग्रजी नोंदलेली असते, ती पहिल्याच दिवशी मराठी करावी, कारण स्क्रीन रीडर उच्चारांची निवड त्याच नोंदीवरून करतो.